पोस्टरवरचा आलेख फाटू नये म्हणून: मोजपट्टीपासून फ्लेक्सच्या दुकानापर्यंत

माझ्या पहिल्या पोस्टरवर पाण्याचं सगळं गणितच उलटं झालं होतं. संत्र्याच्या बागेतली काळी जमीन पाणी किती घट्ट धरून ठेवते, त्याचा तो आलेख होता. या मापाला जलविभव म्हणतात आणि बिगरसंपृक्त जमिनीत ते ऋणच असतं. जमीन ओलीगच्च असली की शून्याजवळ, वाफशाच्या सुमारास साधारण उणे ३३ किलोपास्कल, आणि झाड कायमचं कोमेजतं त्या टोकाला उणे १५००. पोस्टर छापून आलं तेव्हा अक्षावरची सगळी उणे चिन्हं गायब होती. १०, १००, १०००, सगळं धन. परिषदेत एका ज्येष्ठ सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काय हो, तुमच्या बागेत पाणी मुळांच्या अंगावर धावून जातं का?"

वाईट याचं वाटलं की मी फाइल व्हेक्टरच, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांच्या सूचनांनी बनलेली, दिली होती. घोळ नंतर झाला. दुकानातल्या संगणकावर ती कोरलड्रॉ या छपाईवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली गेली, माझा फॉन्ट तिथे नव्हता, कोरलने दुसरा लावला आणि त्या दुसऱ्या फॉन्टात उणे चिन्हाचं अक्षरच नव्हतं. अक्षरं दगडासारखी स्पष्ट छापली गेली, फक्त चुकीची.

नागपुरात पोस्टर करणाऱ्यांची वाण नाही. नीरी आहे, व्हीएनआयटी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, मृद सर्वेक्षण ब्युरो, विद्यापीठाचे विभाग, मेडिकल कॉलेज आणि एम्स आहे. जानेवारी २०२३ मध्ये तर १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस इथेच, विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या आवारात भरली होती. दर हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतली दोन-तीन मुलं परिषदेच्या आदल्या संध्याकाळी तोंड पाडून माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. आलेख व्हेक्टरमध्ये काढणं हे अर्धं काम. तो ज्या मापात छापायचा त्याच मापात काढणं आणि दुकानातल्या मशीनपर्यंत धड पोचवणं, हे उरलेलं अर्धं. (यात मी मुद्दाम "आलेख" म्हणते आहे. नागपुरात "प्लॉट" म्हटलं की लोक बेसा-जामठ्याच्या जमिनीचा भाव विचारायला लागतात.)

फाटतं म्हणजे काय होतं

दुकानातला ऑपरेटर म्हणतो, "मॅडम, फोटो फाटून राह्यला." त्याचं म्हणणं अचूक असतं. मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेखाच्या साधनात काहीही न बदलता आलेख काढला तर तो ६.४ बाय ४.८ इंचांचा आणि दर इंचाला १०० ठिपके या हिशोबाने बनतो. म्हणजे ६४० बाय ४८० ठिपके. हेच चित्र पोस्टरवर १५ इंच रुंद ताणलं तर एका इंचाच्या वाट्याला ४३ ठिपके येतात. छपाईत ३०० चांगले, दुरून पाहायच्या पोस्टरला १५० सुद्धा चालतात. ४३ मध्ये तिरप्या रेषेच्या पायऱ्या मोजता येतात.

व्हेक्टर फाइलमध्ये ठिपके नसतातच. "इथून तिथपर्यंत इतक्या जाडीची निळी रेघ" अशी सूचना असते आणि छापणारं यंत्र आपल्या कुवतीप्रमाणे ती रेघ ओढतं. पीडीएफ, एसव्हीजी, ईपीएस, ईएमएफ ही त्याची घरं. पण पेटीवर पीडीएफ लिहिलं म्हणून आत व्हेक्टर असेलच असं नाही. स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवून पीडीएफ केली तर आत तोच फाटका फोटो असतो.

आणि सगळंच व्हेक्टर करू नका. सूक्ष्मदर्शकाचे फोटो, उपग्रहाची चित्रं, प्रयोगशाळेतल्या जेलपट्ट्यांचे फोटो ही मुळातच ठिपक्यांची असतात. ती ३०० च्या हिशोबाने भरपूर मोठी ठेवायची, बस्स. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोवरची मोजपट्टी आणि बाणांची अक्षरं मात्र वेगळी, व्हेक्टरमध्ये वर बसवावीत.

आधी मोजपट्टी, मग कोड

आयोजकांच्या पत्रात पोस्टरचं माप असतं. ते वाचायचं, आणि शंका असेल तर विचारायचं, कारण इथेच एक खड्डा आहे. ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. आपल्याकडच्या दुकानांची सवय फुटांची: "तीन बाय चार करून देऊ ना." तीन बाय चार फूट म्हणजे ९१४ बाय १२१९ मिलिमीटर, आणि दोन्हींचं प्रमाण वेगळं आहे. ए-झीरोची फाइल तीन बाय चारवर ताणून बसवली तर रुंदी जवळजवळ नऊ टक्के वाढते, उंची अडीच टक्के. गोल बिंदू लंबगोल होतात, अक्षरं फताडी होतात. माप एकदा ठरवा आणि दुकानात जाईपर्यंत तेच धरा.

आता कागदावर, खऱ्याखुऱ्या कागदावर, पोस्टरची मांडणी काढा. उभं ए-झीरो, तीन रकाने धरू. दोन्ही कडांना २५ मिलिमीटर मोकळे, रकान्यांच्या मधे २० मिलिमीटर. ८४१ मधून ५० आणि ४० गेले, राहिले ७५१, त्याचे तीन भाग म्हणजे रकाना २५० मिलिमीटरचा. आलेख या रकान्यात बसणार, म्हणून तो २५० रुंद आणि समजा १७० उंच. इंचांत ९.८४ बाय ६.६९. हाच आकडा कोडमध्ये जाणार. आलेख कुठे किती मोठा लागेल हे माहीत नसताना काढला तर पुढे तो ओढून मोठा करावा लागतो, आणि ओढलं की अक्षरंही ओढली जातात, तीही प्रत्येक आलेखात वेगळ्या पटीने. एका पोस्टरवर चार आलेख आणि चार आकारांची अक्षरं दिसली की समजावं, ओढाताण झाली आहे.

अक्षरं किती मोठी हवीत? पोस्टर वाचणारा साधारण दीड मीटरवर उभा असतो. अक्षांची नावं २४ पॉइंट, अक्षावरचे आकडे २० पॉइंट, याच्या खाली मी जात नाही. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, तेव्हा २४ पॉइंट म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. मुख्य रेघ अडीच-तीन पॉइंट जाड, अक्षाची रेघ दीड, मागची जाळी पाऊण आणि फिकट राखाडी. स्क्रीनवर हे सगळं बेढब, बालवाडीच्या तक्त्यासारखं दिसतं. दिसू द्या.

विश्वास बसत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. ए-झीरो आणि ए-फोरमध्ये लांबी-रुंदीचा फरक बरोबर चौपट असतो. अख्खं पोस्टर ए-फोरवर छापा, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे. २४ पॉइंटचं अक्षर सहाचं होईल. कागद ४० सेंटिमीटरवर, पुस्तक धरतो तसा धरा. जे इथे वाचता येतं ते पोस्टरवर १.६ मीटरवरून वाचता येणार. जे इथे येत नाही त्याच्यासाठी परिषदेत कुणी वाकून बघणार नाही.

आलेख काढताना

मॅटप्लॉटलिबवाल्यांनी फिगसाइजला वरचे इंच द्यावेत, फॉन्टचा आकार आरसीपॅराम्समध्ये एकदाच ठरवावा आणि सेव्हफिगमध्ये फाइलच्या नावापुढे पीडीएफ किंवा एसव्हीजी लावावं. प्रकार नावाच्या शेपटीवरूनच ठरतो. पीडीएफसाठी फॉन्टटाइप ४२ करून ठेवा. मूळची निवड ३ असते, आणि त्या प्रकारची अक्षरं पुढे इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडत नाहीत.

सगळ्यांना मोह पडतो तो "बीबॉक्स टाइट"चा. कडेची पांढरी जागा कापली जाते, छान वाटतं. पण ते कापताना चित्राचं मापच बदलतं: २५० मिलिमीटरचा आलेख २४१चा होतो, दुसरा २३६चा, आणि मग रकान्यात बसवताना पुन्हा ओढाताण. त्याऐवजी कन्स्ट्रेन्ड लेआउट वापरा. तो माप कायम ठेवून आतल्या गोष्टी सरकवतो.

आर ही आकडेमोडीची भाषा वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. जीजीसेव्हला रुंदी, उंची आणि एकक म्हणून मिलिमीटर थेट देता येतं. थीमचा बेस-साइज मुळात ११ असतो, तो २४ करा. एक मेख लक्षात ठेवा: आलेखाच्या आत जीओम-टेक्स्टने लिहिलेल्या अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये नसून मिलिमीटरमध्ये मोजला जातो. तिथे २४ दिलंत तर भिंतीवरच्या घोषणेएवढी अक्षरं येतील, ८.४ द्या.

मॅटलॅब या सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून एक्स्पोर्टग्राफिक्स ही आज्ञा आहे. त्यात कंटेंट-टाइप व्हेक्टर सांगा, नाहीतर गुंतागुंतीचा आलेख दिसला की ते आपणहून ठिपक्यांवर उतरतं. तेही कडा कापतं, म्हणून रकान्यात बसवताना माप पुन्हा तपासा. ओरिजिन या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट ग्राफ. एक्सेल वापरणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही. आलेखाची उंची-रुंदी फॉरमॅटच्या खणात सेंटिमीटरमध्ये टाका, मग राइट क्लिक करून सेव्ह ॲज पिक्चर आणि तिथे एसव्हीजी. जुन्या आवृत्तीत एसव्हीजी दिसणार नाही. तेव्हा आलेखावर एकदा क्लिक करून तो निवडलेला असतानाच पीडीएफ म्हणून सेव्ह करा, पानावर फक्त आलेख येतो.

ईपीएस मागायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ईपीएसमध्ये पारदर्शकता नसते. तुम्ही अनिश्चिततेचा पट्टा फिकट, आरपार दिसणारा काढला असेल तर तो ठोकळ्यासारखा भरून येईल आणि खालची रेघ गिळेल. कुणी हट्टच धरला तर पट्ट्याला मुळातच फिकट, अपारदर्शक रंग द्या आणि त्याला रेघेच्या मागे ढकला. एरवी पीडीएफ.

दोन लाख बिंदूंचं काय करायचं

आमच्या बागेत जमिनीखाली चार वेगवेगळ्या खोलींवर ओलावा मोजणारे सेन्सर आहेत, दर दहा मिनिटांनी नोंद. वर्षाला एका सेन्सरचे ५२,५६० आकडे, चौघांचे २,१०,२४०. एका विद्यार्थ्याने हे सगळे बिंदू व्हेक्टरमध्ये काढले. फाइल उघडताना लॅपटॉपचा पंखा असा सुटला की मेमधला कूलर बरा. दुकानातल्या मशीनचं सॉफ्टवेअर अशा फाइलवर अर्धा तास फिरत राहतं, आणि मग ऑपरेटर तिचा स्क्रीनशॉट घेऊन छापून मोकळा होतो. म्हणजे आलो पुन्हा पहिल्या घरी.

आधी स्वतःला विचारा, एवढे बिंदू दिसणार आहेत का? २५० मिलिमीटर रुंदीत ५२,५६० बिंदू म्हणजे एका मिलिमीटरात दोनशे दहा. डोळ्याला ते वेगळे दिसणं शक्य नाही. त्या मुलाच्या आलेखाला दिवसाची सरासरी पुरली: ३६५ बिंदू, सोबत किमान-कमाल दाखवणारा फिकट पट्टा. पावसानंतर ओलावा कसा चढतो आणि उतरतो ते उलट जास्त स्पष्ट झालं.

पण कधीकधी दाटीच दाखवायची असते. तेव्हा मिश्र पद्धत वापरा. मॅटप्लॉटलिबमध्ये फक्त त्या बिंदूंच्या थराला रॅस्टराइज्ड ट्रू सांगायचं आणि सेव्ह करताना डीपीआय, म्हणजे दर इंचाला ठिपके, ३०० द्यायचा. बिंदूंचा थर फोटो बनतो, अक्ष, आकडे आणि नावं व्हेक्टरच राहतात. आरमध्ये जीजीरास्टर हे पॅकेज तेच काम करतं. मोठ्या हीटमॅपलाही, म्हणजे आकड्यांऐवजी रंगीत चौकटी दाखवणाऱ्या आलेखालाही, हाच उपाय. हीटमॅप किंवा भरलेल्या समोच्चरेषा व्हेक्टरमध्ये काढल्या की चौकटींच्या मधे केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. शेजारच्या दोन आकृत्यांच्या कडा गुळगुळीत करताना मागचं पांढरं डोकावतं, म्हणून. छपाईत त्या बहुधा उतरत नाहीत, पण "बहुधा"वर पोस्टर सोडू नये.

मराठी अक्षरांचा खेळ

शेतकरी मेळाव्यासाठी किंवा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी पोस्टर मराठीत लागतं, आणि इथे खरी परीक्षा असते. मी मॅटप्लॉटलिबला नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट दिला, उभ्या अक्षावर "ओलावा" लिहिलं, झकास उमटलं. खूश होऊन सगळी नावं मराठीत केली. दुसऱ्या आलेखावर "आर्द्रता" होतं, ते "आर्‌द्‌रता" असं पाय मोडून आलं. शीर्षकातलं "विदर्भ" झालं "वदिर्‌भ".

"ओलावा" का टिकला? त्यात जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने टंकली जातात त्याच क्रमाने दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकतो, पण ती दिसते आधी. र चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही मांडणी करणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो, आणि मी वापरलेल्या मॅटप्लॉटलिबच्या आवृत्त्यांमध्ये तो नव्हता. त्या एकामागून एक अक्षर ठेवत जातात. म्हणून तुमची आवृत्ती "तापमान" लिहून तपासू नका, "आर्द्रता" आणि "विदर्भ" लिहून तपासा.

यातून सुटायची माझी वाट अशी. मॅटप्लॉटलिबमध्ये एसव्हीजीचा फॉन्टटाइप "नन" ठेवायचा. मुळात तो "पाथ" असतो, म्हणजे अक्षरांचे आकार तिथल्या तिथे कोरले जातात आणि चुकीचेच कोरले जातात. "नन" केलं की फाइलमध्ये नुसता मजकूर जातो, "आर्द्रता" हे सहीसलामत युनिकोड. मग ती फाइल इंकस्केपमध्ये उघडायची. इंकस्केपला देवनागरीची मांडणी येते, रफार जागेवर बसतो. फॉन्ट मात्र त्याच संगणकावर हवा. आरमध्ये एसव्हीजीलाइट पॅकेजही मजकूर असाच सोडतं.

इंकस्केपमध्ये शब्दांची रुंदी थोडी बदलते, म्हणून एखादं नाव आकड्यांना चिकटलं असेल तर सरकवून घ्या. मग सगळी अक्षरं निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा: अक्षरांचे आकार होतात, फॉन्टची गरज संपते. याची वेगळी प्रत करा. आकार झालेल्या अक्षरात शुद्धलेखन सुधारता येत नाही, आणि छापायच्या दिवशी सकाळी सरांना "सिंचन"चं "जलसिंचन" करायचं असतंच.

मराठी पोस्टरवर अक्षावरचे आकडे देवनागरी ठेवावेत का? शेतकऱ्यांसाठी असेल तर ठेवावेत, मी ठेवते. देवनागरी अंकांना मांडणीचा त्रास नाही, एकामागून एक नीट उमटतात.

पोस्टरवर बसवताना

बहुतेक जण पॉवरपॉइंटच वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. डिझाइनमधून स्लाइड साइज, कस्टम, ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर, आणि हे पहिल्यांदा करायचं, मजकूर भरल्यावर नाही. पॉवरपॉइंटची कमाल मर्यादा १४२.२४ सेंटिमीटर, तेव्हा ए-झीरो खुशाल मावतं. आलेख इन्सर्ट पिक्चरमधून एसव्हीजी म्हणून आणा. पीडीएफ तिथे घालू नका, तिचा फोटो होतो. आल्यावर त्याची रुंदी फॉरमॅटच्या खणात पाहा: २५ सेंटिमीटर असायला हवी. कमी-जास्त असेल तर आकडा टाइप करून दुरुस्त करा, कोपरा धरून ओढू नका. फोटोंसाठी ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली "चित्रं लहान करू नका" अशा अर्थाची खूण असते, ती करा, नाहीतर सेव्ह करताना तुमचे फोटो गुपचूप हलके केले जातात. गूगल स्लाइड्समध्ये एसव्हीजी थेट घेता येत नाही, म्हणून या कामाला ते नको.

लाटेक ही मजकूर मांडायची प्रणाली वापरणाऱ्यांना तिच्यातलं बीमरपोस्टर किंवा टिक्झपोस्टर माहीत असेलच. पीडीएफलाटेक पीडीएफ घेतं, एसव्हीजी घेत नाही. आलेख योग्य मापात काढलेला असेल तर इन्क्लूडग्राफिक्सला रुंदी द्यायचीच गरज नाही, तो आपल्या खऱ्या मापात येऊन बसतो. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण आलेख रकान्यात बसला नाही तर चूक कोडमध्ये आहे हे लगेच कळतं.

इंकस्केपमध्येच सगळं पोस्टर मांडत असाल तर एक बटण सांभाळा. आकृती लहान-मोठी करताना रेघेची जाडीही बदलावी की नाही, हे वरच्या पट्टीतल्या छोट्या खुणेवर ठरतं. ती खूण चुकून बदलली की एका आलेखाच्या रेघा दोरखंड आणि दुसऱ्याच्या सूत.

रंग

स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने रंग करते, छपाई चार शाईंनी. स्क्रीनवरचा चमकता निळा कागदावर जांभळट पडतो, पोपटी हिरवा मळकट होतो. मॅटप्लॉटलिब छपाईचे चार रंग देऊ शकत नाही. आरचं साधं पीडीएफ उपकरण कलरमॉडेल सांगितल्यावर देतं. पण यात फार खोल जाऊ नका, दुकानातलं मशीन शेवटी आपल्या पद्धतीने बदल करतंच. त्यापेक्षा असे रंग घ्या जे थोडे मळले तरी वेगळे ओळखू येतील. ओकाबे आणि इतो या दोघांनी रंगांधांना लक्षात घेऊन सुचवलेली रंगमाला आहे: नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी, लालसर जांभळा आणि काळा. तिच्यातला पिवळा पांढऱ्यावर रेघेसाठी नको, हरवतो. आणि रंगाच्या जोडीला रेघ तुटक-सलग करा, बिंदू गोल-चौकोनी करा.

दुकानात जाण्यापूर्वी

तयार पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून ६४०० टक्क्यांपर्यंत मोठी करा, तेवढंच ते जातं. तिरपी रेघ गुळगुळीत राहिली तर व्हेक्टर, पायऱ्या दिसल्या तर कुठेतरी फोटो झाला आहे. मग डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी पाहा. प्रत्येकापुढे "एम्बेडेड" हवं. लिनक्सवर पॉपलरची पीडीएफफॉन्ट्स आणि पीडीएफइमेजेस ही दोन साधनं हेच दोन क्षणांत सांगतात.

फॉन्ट आत असूनही माझी उणे चिन्हं गेली, कारण कोरल फाइल नुसती दाखवत नाही, सुधारायला उघडते, आणि सुधारायला फॉन्ट संगणकावर लागतो. म्हणून दुकानासाठीची प्रत नेहमी कर्व्ह केलेली. हा दुकानातला शब्द: "कर्व्ह करून आणा." इंकस्केपमध्ये वर सांगितलेलं कंट्रोल-शिफ्ट-सी, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. कर्व्ह झाल्यावर फॉन्टची यादी रिकामी दिसायला हवी. मराठी पोस्टर असेल तर याला पर्यायच नाही. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी विस्कटते, आणि ऑपरेटर ती आपल्या सवयीच्या जुन्या फॉन्टात पुन्हा टंकायला बसतो, तुमच्या देखत.

फाइल पेनड्राइव्हवर न्या किंवा मेल करा. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून कधीच नाही.

कधीकधी समोरून येतं, "मॅडम, जेपीजी देऊन टाका ना, पीडीएफमंधी लफडे होऊन राह्यले." रागावू नका. त्यांचं मशीन शेवटी सगळ्याचे ठिपकेच करतं. फक्त ते ठिपके आपण करून द्यायचे, पूर्ण मापात. ए-झीरो १५० च्या हिशोबाने ४९६७ बाय ७०२२ ठिपके, २०० च्या हिशोबाने ६६२२ बाय ९३६२. जेपीजीऐवजी टिफ द्या, रेघांच्या कडेला घाण येत नाही. इंकस्केपच्या एक्स्पोर्टमध्ये हा आकडा टाकता येतो. मग व्हेक्टरची एवढी खटपट कशाला, असं एकाने विचारलं होतं. कारण ठिपके एकदाच झाले, शेवटच्या मापात, आणि चार वेळा ओढून-ताणून नाही झाले.

छापायचं कशावर? फ्लेक्स स्वस्त, चौरस फुटाच्या भावाने. ए-झीरो पावणेअकरा चौरस फुटांच्या आसपास येतं. पण बॅनरच्या मोठ्या मशीनवर बारीक अक्षरं पसरतात आणि चकाकीमुळे वरच्या दिव्याचा डाग बरोबर आलेखावर पडतो. ए-झीरोची रुंदी ३३ इंचांच्या जवळपास, म्हणजे ३६ इंची रोलच्या कागदी प्लॉटरवर ते आरामात बसतं. मला मॅट कागद आवडतो. रेल्वेने लांब जायचं असेल आणि पोस्टर वरच्या बर्थवर कुणाच्या सुटकेसखाली जाणार असेल, तर मॅट फ्लेक्स.

छापायच्या आधी ऑपरेटरशेजारी उभं राहा आणि त्याच्या स्क्रीनवर तीन गोष्टी पाहा: कागदाचं माप मिलिमीटरमध्ये, एखादा गोल बिंदू गोलच आहे का, आणि अक्षावरची चिन्हं, म्हणजे उणे, अंशाचं वर्तुळ, मायक्रोचा म्यू. शक्य असेल तर एका आलेखाचा तेवढा तुकडा शंभर टक्के मापात ए-फोरवर काढून घ्या, "फिट टू पेज" बंद करून. दहा-वीस रुपयांत होतं.

आता माझ्या जलविभवाच्या आलेखात मी उणे चिन्हाचा एक जादा बंदोबस्त केला आहे. मॅटप्लॉटलिब युनिकोडचं खास उणे चिन्ह वापरतं. युनिकोड-मायनस बंद केलं की ते साधा हायफन लावतं, जो जवळजवळ प्रत्येक फॉन्टात असतो. दिसायला किंचित आखूड, पण हरवत नाही. शिवाय अक्षाच्या नावातच "ऋण" असा शब्द घातला आहे. ऑपरेटर पोस्टर गुंडाळताना विचारतो, "चारी कोपऱ्यांत रिंगा मारू का जी?" तेव्हा आधी उलगडून बघते, कोपऱ्यात २५ मिलिमीटर मोकळे आहेत ना, आणि मगच मार म्हणते.